गंगापूर रोडचं बास्केटबॉल असेसमेंट: मापं एक नंबर, ग्रेडचं पान मात्र बाजूला ठेवा

सध्या नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर एकच विचारणा चाललीय, की गंगापूर रोडला सोमेश्वरच्या अलीकडे एका अकॅडमीने जे वीकेंडचं बास्केटबॉल टॅलेंट असेसमेंट सुरू केलंय, तेरा ते अठरा वयाच्या पोरापोरींसाठी, एनबीए ह्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू निवडायच्या आधी जी चाचणी होते त्या ड्राफ्ट कम्बाइनच्या धर्तीवर, ते करून घ्यावं का. मी भाच्याला घेऊन गेले होते, शनिवार-रविवार पूर्ण वेळ तिथेच थांबले, आता रिपोर्टही हातात आलाय, तर एकदाच सविस्तर लिहिते. फी म्हणाल तर बऱ्यापैकी बास्केटबॉल शूजच्या एका जोडीएवढी. माझं मत आधीच सांगून टाकते: मापं घेण्याचं काम इतकं नीट मी आपल्याकडे कुठेच बघितलं नाही, शेवटी पालकांशी जे बोलतात तेही मनापासून आवडलं, पण मॅच बघून खेळाडू ओळखायचा जो भाग आहे तो कच्चा आहे, आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर जो ग्रेड आणि 'अमुक एनबीए खेळाडूसारखा' असा शेरा देतात तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊच नये.

मी स्वतः शाळा-कॉलेजात खेळलेय, आता संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना शिकवते, आणि एनबीए ड्राफ्ट न चुकता बघते, आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला सुरू होतो कारण तिकडे न्यूयॉर्कला तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तीस टीम, दोन राउंड, दरवर्षी जगभरातले नवीन खेळाडू टीम आळीपाळीने उचलतात, खेळाडूला त्या वर्षात एकोणीस पूर्ण व्हावी लागतात. २०२५ च्या नियमाने, प्लेऑफ म्हणजे बाद फेरीला न पोचलेल्या १४ टीमची लॉटरी होती आणि सगळ्यात तळाच्या तिघांना पहिल्या नंबरचा चान्स प्रत्येकी १४ टक्के, बस. तेव्हा डॅलसकडे फक्त १.८ टक्के चान्स होता आणि त्यांनाच पहिला नंबर लागला, कूपर फ्लॅग हा सगळ्यांना हवा असलेला खेळाडू त्यांना मिळाला. म्हणजे नंबर नशिबाने मिळतो, पण त्या नंबरला कोणाला घ्यायचं हे टीमच्या हातात असतं, आणि त्यासाठी त्यांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, वर्षभर जगभर फिरतात. मे महिन्यात शिकागोला कम्बाइन होतं, तिथे मापं, उड्या, स्प्रिंट, शूटिंग, मेडिकल, मुलाखती सगळं. आपल्या गंगापूर रोडच्या लोकांनी ह्यातलं काय काय उचललंय आणि काय राहिलंय हे बघायलाच मी मुख्यतः गेले होते.

आता शनिवारचं. सकाळी आधी मापं. अनवाणी उंची घेतली, हे बरोबर आहे, एनबीएनेसुद्धा २०१९ पासून सगळ्यांची उंची शूज काढून मोजायला लावली, त्याआधी कागदावर सगळे एक-दोन इंच उंच असायचे. मग हात पसरून विंगस्पॅन, मग सरळ उभं राहून हात वर करून रीच. हे रीचचं माप आपल्याकडे शाळेत कोणीच घेत नाही आणि खरं तर उंचीपेक्षा तेच जास्त कामाचं, कारण रिबाऊंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, डोक्याने पकडत नाहीत, रिंग ३.०५ मीटरवर आहे आणि तिथवर बोटं जायला पाहिजेत. भाच्याची उंची बेताची आहे म्हणून घरात सगळे नाराज असायचे, पण त्याचा विंगस्पॅन उंचीपेक्षा चांगलाच जास्त निघाला आणि रीचमध्ये तो त्याच्याहून उंच दिसणाऱ्या दोघांच्या बरोबरीला आला. ही एक गोष्ट कळली तिथेच माझे निम्मे पैसे वसूल.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते पुढचं. त्यांनी मुलांना स्टुलावर बसवून बसलेली उंची घेतली, वजन घेतलं, जन्मतारीख जन्मदाखल्यावरून लिहून घेतली आणि आई-वडिलांची उंची विचारली. बऱ्याच पालकांना वाटलं हे कशाला. ह्याला कारण आहे. मुलं वाढताना आधी पाय वाढतात मग धड, त्यामुळे बसलेली उंची, पायाची लांबी, वजन आणि वय ह्यावरून अंदाज बांधता येतो की मुलाची सगळ्यात वेगाने उंची वाढायची वेळ येऊन गेलीय, चालू आहे की यायचीय, ह्याला मिरवाल्डची पद्धत म्हणतात, २००२ ची आहे. आणि आई-वडिलांची उंची घेऊन मोठेपणी किती होईल ह्याचा अंदाज काढायची खामिस-रॉश म्हणून दुसरी पद्धत आहे, १९९४ ची. दोन्ही अंदाजच आहेत, पहिल्यात वेळ आणि दुसऱ्यात उंची इंच-दोन इंच इकडेतिकडे होते, आणि तिथल्या मॅडमनी हे प्रत्येक पालकाला स्पष्ट सांगितलं, ज्योतिष सांगितल्यासारखं केलं नाही. मुलांमध्ये ही वेगाची वेळ साधारण चौदाच्या आसपास येते, मुलींमध्ये बाराच्या आसपास, पण मागेपुढे बरंच होतं. आमच्या बॅचला एकाच वयाचे दोन मुलगे होते, एकाला दाढी-मिशी फुटलेली, खांदे भरलेले, दुसरा अजून सहावीतला वाटावा असा. शाळेच्या टीममध्ये कोण खेळतो हे सांगायला नको. आणि दोन-तीन वर्षांनी दुसरा त्याच्या बरोबरीला आला की पहिल्याकडे नुसती ताकद होती का खेळही होता हे उघडं पडतं, तोवर दुसऱ्याने खेळणं सोडलेलं असतं.

ह्याचं मोठं उदाहरण म्हणजे एनबीएचा अँथनी डेव्हिस. हायस्कूलच्या सुरुवातीला तो सव्वासहा फुटांच्या आतला गार्ड, म्हणजे बॉल हाताळत पुढे नेणारा खेळाडू, होता, मग भराभर आठेक इंच वाढला, आणि गार्ड असताना शिकलेलं बॉल हँडलिंग त्याच्याकडे तसंच राहिलं, २०१२ ला तो ड्राफ्टमध्ये पहिला गेला. स्कॉटी पिपेनपण कॉलेजात गेल्यावर वाढला आणि १९८७ ला पाचवा निवडला गेला. म्हणजे आज बुटक्या असलेल्या पोराला ड्रिबल-पास शिकवणं वाया जात नाही आणि आज उंच असलेल्याला फक्त बोर्डखाली उभं करून ठेवणं हे त्याचं नुकसान आहे, हे मी आमच्या पोरांच्या पालकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते. इथे तेच त्यांना आकड्यांत दिसलं, बरं वाटलं.

दुपारच्या टेस्ट ठीक होत्या. उभी उडी, पळत येऊन उडी, पाऊण कोर्टाचा स्प्रिंट, लेनभोवती, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाभोवती, कोन लावून पुढे-आडवं-मागे पळायचं ते. प्रत्येकाला दोन चान्स, टायमिंग नीट, कोर्ट पुसलेलं, बर्फाचा डबा आणि ग्लुकोज हाताशी, ह्यात नाव ठेवायला जागा नाही. वजन उचलायला लावलं नाही हे फार बरं केलं, ह्या वयात त्यातून काहीच कळत नाही, आणि मोठ्यांचंही फारसं कळत नाही, केव्हिन ड्युरँटला २००७ ला ड्राफ्टच्या आधी १८५ पौंडांची बेंच प्रेस एकदाही जमली नव्हती, तो दुसरा गेला आणि पुढे लीगच्या इतिहासातल्या सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्यांमध्ये जाऊन बसला.

शूटिंगला मात्र माझे दोन आक्षेप आहेत आणि मी तिथेच बोलले. एक म्हणजे सगळे शॉट थ्री-पॉइंटच्या, म्हणजे तीन गुणांच्या, लाइनवरून, फिबा ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेची लाइन ६.७५ मीटरवर असते तिथून, आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, एकही मोजला नाही. तेरा वर्षांच्या पोराला तिथून पोचायलाच अंग झोकून द्यावं लागतं, त्यात त्याचा शॉट कसा आहे हे कळतच नाही, फक्त ताकद कळते. ड्राफ्टचा अभ्यास करणारे लोक कॉलेजातल्या थ्रीच्या टक्केवारीइतकंच, काही जण तर त्याहून जास्त, फ्री थ्रोच्या टक्केवारीकडे बघतात, कारण थ्री एका सीझनला थोडेच मारलेले असतात, कधी समोर डिफेंडर कधी मोकळे, पण फ्री थ्रो सगळ्यांना सारख्याच अंतरावरून, कोणी अडवत नाही, हाताची सवय तिथे स्वच्छ दिसते. वीस-पंचवीस फ्री थ्रो मारायला लावले असते तर किती वेळ गेला असता?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. मुलींनाही सात नंबरचाच बॉल दिला. मुलींचा बॉल सहा नंबरचा असतो, घेर कमी, वजन कमी, त्या शाळेपासून त्याच्याच सवयीने खेळतात. माझ्या मैत्रिणीची मुलगी एरवी सहज मारते ते शॉट रिंगच्या अलीकडे पडत होते आणि तेच आकडे तिच्या रिपोर्टला लागले. सांगितल्यावर त्यांनी 'पुढच्या वेळी बघतो' म्हटलं, पण ह्या वेळच्या मुलींचं काय? केटलिन क्लार्कला २०२४ ला आणि पेज बेकर्सला २०२५ ला डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे बायकांच्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला, तो मुलींच्या बॉलने मुलींच्या मॅच खेळून. मुलींची फी तेवढीच घेता तर बॉलही त्यांचाच द्या.

रविवारी मॅच. इथे खरी निराशा झाली. पाच-पाच जणांच्या टीम पाडल्या, कोणी कोणाला ओळखत नाही, दहा-दहा मिनिटांचे गेम, आणि नेहमी जे होतं तेच झालं, ज्याच्या हातात बॉल आला तो थेट घुसला कारण प्रत्येकाला वाटतं आपल्याला बघताहेत तर आपण बास्केट टाकली पाहिजे. बघणारे दोघे, त्यातला एक स्कोअर लिहिणारा. उरलेल्या एकाची नजर सतत बॉलवर. खेळाडू ओळखायचा तर बॉल नसतानाचा बघायचा, हे मी कोणा मोठ्या माणसाचं ऐकून सांगत नाहीये, इतकी वर्षं ग्राउंडवर उभं राहून सांगतेय. पास चुकला की पोरगं मान खाली घालून चालत येतं की उलट फिरून धावत सुटतं, आपला माणूस कोपऱ्यात असताना मधे मदतीला पाऊल टाकतं का, स्क्रीन येतोय, म्हणजे समोरचा वाट अडवायला उभा राहतोय, हे मागच्याला ओरडून सांगतं का, बेंचवर बसल्यावर मॅच बघतं की बाटलीशी खेळतं.

सिन्नरकडून आलेली एक मुलगी होती, बारीकशी, पॉइंट जेमतेम एखाद-दुसरा केला असेल, पण तिच्या टीमची प्रत्येक बास्केट तिच्या आधीच्या पासने नाहीतर तिने मोकळ्या केलेल्या जागेतून होत होती, आणि डिफेन्सला ती सतत बोलत होती, अनोळखी पोरींना नावं विचारून विचारून. तिच्या वडिलांनी नंतर रिपोर्ट दाखवला, ऑफेन्सला 'सी'. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना तिथेच सांगितलं की दादा, ह्या पानाकडे बघू नका, तुमच्या मुलीला खेळ दिसतो, आणि ते शिकवून येत नाही.

निकोला योकिच २०१४ ला ड्राफ्टमध्ये एक्केचाळिसावा गेला, अमेरिकेत टीव्हीवर त्याचं नाव पुकारलं तेव्हा जाहिरात चालू होती. उडी नाही, वेग नाही, अंगाने ढिला. पण त्याला कोर्टवर पुढे काय होणार ते आधी दिसत होतं. तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि २०२३ ला डेन्व्हरला पहिली चॅम्पियनशिप मिळवून दिली. लुका डोन्चिचबद्दलही २०१८ ला हेच बोलत होते, की पायात वेग नाही, आणि तो तर तेव्हा एकोणीस वर्षांचा असताना रियाल माद्रिदकडून युरोपातल्या क्लबांची युरोलीग जिंकून तिथला एमव्हीपी होऊन आला होता, तरी त्याच्या आधी दोघांना उचललं. २०१८ मध्ये ज्यांच्याकडे पगारी स्काउट होते त्या टीमचंही लक्ष उडी आणि वेगाकडे गेलं, मग दोन तास मॅच बघून 'सी' कसा देता?

बरं, टीका करताना तोडगाही सांगते. टीमचे स्काउट एका मॅचवर ठरवत नाहीत, एकाच खेळाडूला सीझनभर बघतात, घरच्या ग्राउंडवर, बाहेरच्या ग्राउंडवर, हरताना, मग त्याच्या कोचला विचारतात, जुन्या कोचला विचारतात. इथे वीकेंडमध्ये ते शक्य नाही हे मान्य, पण फॉर्म भरतानाच शालेय स्पर्धेच्या एक-दोन पूर्ण मॅचचे व्हिडिओ मागवता येतील, मोबाइलवर आता सगळेच काढतात, आणि शाळेच्या सरांना एक फोन करता येईल. आणि मॅचला बघणारे चार तरी माणसं हवीत, प्रत्येकाने अडीच-तीन खेळाडूंवरच नजर ठेवायची.

रिपोर्ट चांगल्या कागदावर आहे, पहिली पानं मापांची, वाढीच्या अंदाजाची, टेस्टची, ती खरंच जपून ठेवण्यासारखी आहेत, सहा महिन्यांनी परत मोजून शेजारी लिहिता येतील. शेवटचं पान म्हणजे एकूण ग्रेड आणि कोणासारखा खेळतो. भाच्याला एका मोठ्या खेळाडूचं नाव दिलंय, तो आता आठवडाभर त्याच्यासारखेच शॉट मारत बसलाय आणि त्याचा स्वतःचा जो छान हूक पास आहे तो विसरलाय. द्राक्षाच्या घडाला नुकते मणी धरलेत तेव्हा गोडी किती उतरणार हे आपल्याकडे कुठला बागायतदार छातीठोक सांगतो?

२००९ ला हशीम थबीट दुसरा गेला, सव्वासात फूट उंच, आणि थोड्याच वर्षांत लीगबाहेर पडला, त्याच ड्राफ्टमध्ये स्टीफन करी सातवा, लहान कॉलेजचा, अंगाने किरकोळ म्हणून. २०१३ ला अँथनी बेनेट पहिला आणि यानिस अँटेटोकुम्पो पंधरावा. ह्याचा अर्थ ओळखता येतच नाही असा मी काढत नाही, लब्रॉन २००३ ला पहिलाच गेला, टिम डंकन १९९७ ला पहिलाच, वेम्बान्यामा २०२३ ला पहिलाच, आणि सगळं मिळून बघितलं तर वरच्या नंबरचे खेळाडू खालच्यांपेक्षा चांगलेच निघतात. शंभर जणांचा अंदाज बरोबर येतो, एकाचा सांगताना मात्र घसरतो. आणि तिथे मुलं एकोणीस-वीसची असतात, इथे तेरा-चौदाची. म्हणून एका अक्षराचा ग्रेड नको, 'आत्ता हे जमतं, हे जमत नाही, हे वाढीवर अवलंबून आहे' असं तीन ओळींत लिहा, पालकांना कळतं.

शेवटचं म्हणजे पालकांशी बोलणं, आणि इथे मी पूर्ण मार्क देते. अकॅडमीचे वयस्कर कोच एकेका कुटुंबाला वेगळं बसवून बोलतात, घाई करत नाहीत. आमच्या पुढच्या एका वडिलांनी थेट विचारलं, "सर, एनबीएपर्यंत जाईल का हा?" सरांनी टाळलं नाही. म्हणाले, "हे बघा, पंजाबचा सतनाम सिंग सात फूट दोन इंच, २०१५ ला डॅलसने त्याला बावन्नाव्या नंबरला घेतलं, भारतातून गेलेला पहिलाच, पण त्यालाही एनबीएची एक मॅच खेळायला मिळाली नाही. प्रिन्सपाल सिंग एनबीएच्या दिल्लीजवळच्या अकॅडमीतून जी-लीगपर्यंत, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगपर्यंत, गेला. तुमचा मुलगा खेळू दे, पण आपण त्याला डिव्हिजन, मग स्टेट असं बघू." मग त्यांनी शालेय स्पर्धा, दहावी-बारावीचे खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, रेल्वे आणि सर्व्हिसेसच्या म्हणजे सैन्यदलांच्या टीम, हे सगळं कागदावर लिहून दिलं. कोणाचं स्वप्न मोडलं नाही आणि कोणाला फसवलंही नाही. ह्या एका माणसासाठी मी लोकांना तिथे पाठवेन.

एक मात्र अकॅडमीवाल्यांना मनापासून सुचवायचंय. सगळी मुलं शहरातली होती, कॉलेज रोड, इंदिरानगर, फार तर नाशिकरोड. सिन्नरची ती एकटी. आपल्या जिल्ह्याचा इतिहास काय सांगतो? कविता राऊत सावरपाड्याची, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थला आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियन गेम्सला दहा हजार मीटरचं मेडल आणलं. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्याचा, त्याने वल्हं हातात घेतलं तेच सैन्यात भरती झाल्यावर, विशी ओलांडल्यावर, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला. चौदाव्या वर्षी त्याची रोइंगची टेस्ट घेणारं कोणी नव्हतंच. तुमची मापाची पट्टी, स्टूल आणि वजनकाटा एका गाडीत मावतो, एक रविवार सुरगाणा-कळवणला जा, एक येवल्याला, फी कमी करा, मापं आणि उड्या तेवढ्याच घ्या. काय सापडेल ह्याची मलाच उत्सुकता आहे.

पाचपैकी साडेतीन. मापं आणि सरांसाठी जावं, वय साधारण चौदाच्या पुढे असेल तर जास्त उपयोग. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे म्हणून तिथे सांगितलं. जाताना जन्मदाखल्याची झेरॉक्स न्या, आई-वडील दोघांची उंची घरी भिंतीला टेकून नीट मोजून जा, अंदाजे सांगू नका कारण पुढचा हिशोब त्यावरच आहे. मुलींनी सहा नंबरचा बॉल घरून न्या आणि शूटिंगला तोच वापरायचा आग्रह धरा. फ्री थ्रो त्यांनी नाही मोजले तर जेवणाच्या सुट्टीत कोर्ट रिकामं असतं, तेव्हा स्वतः पंचवीस मारून रिपोर्टच्या मागे लिहून ठेवा, तारीख घालून. आणि ग्रेडचं पान रिपोर्ट मुलाला देण्याआधी काढून तुमच्याकडे ठेवा, विचारलं तर सरळ सांगा, अजून ठरलेलं नाही.